आदल्या रात्रीची गाठ

गळ टाकणारे आम्ही लोक एक शब्द फार सहज वापरतो: 'सुटला'. तंगूस तुटतो, मासा जातो, काठावर हळहळ होते आणि कुणीतरी म्हणतं, मोठा होता राव, सुटला. खरं तर तो सुटलेला नसतो. गळ त्याच्या जबड्यात असतो, मागं हातभर तंगूस लोंबत असतो, आणि तो तंगूस पाण्याखालच्या एखाद्या खोडात कधीही अडकू शकतो. सुटलेले असतो आपण. पाणी गढूळ असल्यामुळं पुढचं आपल्याला दिसत नाही, एवढंच.

मी नांदेडचा. विष्णुपुरीचं धरण आणि गोदावरीचा काठ हे माझं अंगण. आमचा आवडता मासा मरळ. यूट्यूबवर अमेरिकन लोक ज्या बाससाठी वेडे होतात, त्याच्याशी मरळीचं नातं काही नाही, पण स्वभाव जुळतो: गवतात दबा धरायचा आणि पाण्यावर बेडूक हलला की झडप घालायची. म्हणून रबरी बेडूक, रॉड आणि रील आता आपल्याकडंही आलेत. (तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असेल तर आधी विचारून घ्या. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.)

जायच्या आदल्या रात्री मी सगळं सामान चटईवर मांडतो. तंगूसाचे पहिले पाच-सहा हात बोटांच्या चिमटीतून ओढून बघतो. कुठं खरखर लागली की तेवढा भाग कापून टाकायचा. नायलॉनचा तंगूस उन्हानं कमजोर होतो आणि वरून तसाच चकचकीत दिसतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवायचा. कडीला चीर असेल तर कापूस अडकतो, आणि जिथं कापूस अडकतो तिथंच उद्या तंगूस कापला जाणार असतो. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. ते घसरलं तर कानस लावायची. गळाच्या आतला उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकायचा, म्हणजे गळ काढताना जबडा फाटत नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तिथंच कच्ची राहते. या कामाला तासभर तरी जातो.

माझी आजी माळकरी. हे सगळं बघून ती एकदा म्हणाली, "मारायलाच जायलास ना तू? मग एवढी माया कामून?"

प्रश्न खोटा नाही. जिवावर उठलेल्या माणसानं दयेच्या गोष्टी कराव्यात, हे ढोंगच वाटतं. पण इस्लाममध्ये जनावर कापायचं तर सुरी धारदार हवी, आणि ती त्याच्यासमोर पाजळू नये, अशी शिकवण आहे. या नियमानं जनावर वाचत नाही. तरी तो निरर्थक आहे असं मला म्हणता येत नाही. मारणं योग्य की अयोग्य हा एक प्रश्न, आणि मारायचं ठरवल्यावर काय काय टाळता आलं असतं हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दिल्यानं पहिला मिटत नाही. आजी पहिला विचारत होती आणि माझ्याकडं उत्तर होतं फक्त दुसऱ्याचं.

पण दुसऱ्या प्रश्नाची एक गंमत आहे. त्याचं उत्तर काठावर देताच येत नाही. मरळीनं झडप घातली की हात आपोआप चालतात, तिथं विचाराला जागा नाही. जी काही दया करायची ती आदल्या रात्रीच, पंख्याखाली बसून, मासा समोर नसताना. म्हणून मला वाटतं, सडका तंगूस घेऊन गेलेल्या माणसाला दिवसभर एकही मासा लागला नाही, तरी तो निर्दोष ठरत नाही. त्याचं नशीब चांगलं, एवढंच.

लातूरचा माझा एक मित्र या बाबतीत माझ्याहून कडक आहे. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. तो त्या भेगाळलेल्या तळातून चालत गेला. खोडांना जाळ्यांचे तुकडे आणि तंगूसाचे गुंते लटकलेले होते. आपण ज्यांना 'सुटला' म्हणालो होतो, ती सगळी वही उघडी पडली होती, असं तो सांगतो. तेव्हापासून तो तुटका तंगूस खिशात घालून घरी आणतो आणि बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाकतो. काठावर पडलेला तंगूस बगळ्याच्या पायात गेला की बगळा काही गाठी सोडू शकत नाही.

आमचं भांडण होतं ते मात्र पावसाळ्यात. मरळीची पिल्लं लालसर असतात, थव्यानं पाण्याच्या वर येतात आणि खाली आईबाप पहारा देतात. त्या थव्यात बेडूक टाकला तर मरळ हमखास धरते. भुकेनं नव्हे, पिल्लांवर कुणी आलं म्हणून. बासचा नरही घरट्यावर असाच पहारा देतो, आणि अमेरिकेत उत्तरेकडच्या काही राज्यांत त्या दिवसांत त्याला धरण्यावर निर्बंध असतात. माझं म्हणणं, इथं पक्की गाठ आणि दाबलेला काटा काही कामाचा नाही, टाकूच नये. मित्र म्हणतो, मरळ धरून लगेच सोडली तर काय बिघडलं? मी म्हणतो, तेवढ्या वेळात इतर मासे पिल्लं खातात. तो म्हणतो, मग इतर दिवशी धरलेली मरळ कुणाची आईबाप नसते का?

यावर मी अजून काही बोललेलो नाही. थवा दिसला की मी रॉड गुंडाळतो आणि तो पुढच्या वळणावर जाऊन बसतो.