खरं सांग हं

‘एएसएल?’ हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना कुणी कधी विचारलाच नसेल. एज, सेक्स, लोकेशन. याहू चॅटच्या एखाद्या खोलीत शिरलं की पाच सेकंदांत कुणीतरी हे विचारायचं, आणि उत्तर आवडलं नाही तर निरोपही न घेता पुढच्याकडे वळायचं. २००१ साली मी याचं उत्तर ‘२४, एम, पुणे’ असं द्यायचो. खरं उत्तर ‘१७, एम, मिरज’ असं होतं. बारावीला नापास झालोय हे तिथे कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे सांगायची वेळ आली नाही.

घरी ऑक्टोबरच्या परीक्षेचा क्लास सांगून मी सायबर कॅफेत जायचो. प्लायवूडच्या खुराड्यात बसायचं, अक्षरं पुसलेला कीबोर्ड, तासाला तीस रुपये. मराठी लिहायचो रोमन लिपीत. एक खोली भरली की त्याच नावाची पुढच्या क्रमांकाची खोली उघडायची, आणि प्रत्येक खोलीत वीस-तीस जण एकाच वेळी बोलत असायचे. कोण कुणाला काय म्हणतंय हे कळायला आठवडाभर जावा लागायचा. मग एकदम कळायला लागायचं, जसं गर्दीच्या एसटीत हळूहळू शेजारच्यांचं बोलणं वेगळं ऐकू येतं.

मला तिथे सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर एएसएलमधला ‘एस’ आडनावाचा नव्हता. आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलणं सुरू झालं की तिसरा-चौथा प्रश्न तोच. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव, गावातली गल्ली, मामाचं आडनाव. माझं आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय हलतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या खोलीत काहीच हलायचं नाही. मी होतो फक्त ‘पुणे टेकी २४’. आता ही आयडी लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा ती घालून बसलं की पाठ आपोआप ताठ व्हायची.

म्हणजे मी खोटं बोलत होतो का? तेव्हा मी स्वतःला सांगायचो, की नाही. इथे सगळेच सोंग घेऊन येतात आणि हे सगळ्यांना माहीत आहे. न्यूयॉर्करमधलं पीटर स्टायनरचं १९९३चं व्यंगचित्र तुम्ही पाहिलं असेल: संगणकापुढे बसलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला सांगतोय, की इंटरनेटवर आपण कुत्रे आहोत हे कुणालाच कळत नाही. त्याच्याही आधी, १९८०मध्ये, कॉम्प्युसर्व्ह कंपनीने अमेरिकेत ‘सीबी सिम्युलेटर’ नावाची गप्पांची सोय सुरू केली. नाव ट्रकवाल्यांच्या सीबी रेडिओवरून घेतलेलं. रस्त्यावर ते टोपणनावानेच एकमेकांशी बोलायचे, त्यामुळे टोपणनावाची रीतही सोबत आली. आणि आपल्याकडे बहुरूपी आहेच. तो फौजदार होऊन दारात येतो, दम देतो, घरातली माणसं घाबरल्यासारखं करतात, मग तो हसून हात पुढे करतो. त्याला कुणी लबाड म्हणत नाही.

पण बहुरूपी शेवटी हात पुढे करतो, हे मी सोयीने विसरलो होतो.

रातराणी नावाची एक मुलगी त्या खोलीत यायची. नागपूरची, एमएस्सी करणारी, असं ती म्हणायची. फार हुशार आणि तिरकस बोलायची. आम्ही महिना-दीड महिना रोज बोललो असू. बहुतेक वेळ इतरांची टर उडवण्यात जायचा. एकदा तिने खोलीतून बाजूला, खासगी खिडकीत बोलावलं. घरात लग्नाचं बघत होते. तिला जावाचा कोर्स करून बंगळूरला नोकरी शोधायची होती. फी वीस हजार. घरचे देणार नाहीत, पण आजीने दिलेल्या पाटल्या तिच्याकडे होत्या. ‘तू त्या लायनीत आहेस,’ तिने लिहिलं, ‘खरं सांग हं. स्कोप आहे का?’

मला आठवतंय, कर्सर लुकलुकत होता आणि शेजारच्या खुराड्यात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मी लिहिलं, ‘बिनधास्त कर. आमच्या कंपनीत पण खूप मुली आहेत.’

ते २००१ साल होतं. अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटून वर्ष झालं होतं. आपल्या आयटी कंपन्यांनी नव्या भरतीला हात आखडता घेतला होता, नोकरीचं पत्र हातात असलेली पोरं रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाताना बघत होती. त्या लायनीतल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मी त्या लायनीत नव्हतो. मी फिजिक्समध्ये उडालेला मुलगा होतो, आणि जावा म्हणजे नेमकं काय हे मला नीट सांगताही आलं नसतं.

पाटल्या गेल्या. कोर्स झाला. नोकरी मिळाली नाही. हे तिने मला आठ महिन्यांनी सांगितलं, चिडून नाही, सहज सांगितल्यासारखं. खाली एक ओळ होती: ‘तू म्हणालास म्हणून धीर केला, नाहीतर केला नसता.’ मी ‘बीआरबी’ लिहिलं, म्हणजे आलोच, आणि गेलो. दुसऱ्या दिवशी नवी आयडी काढली.

पुढे अनेक वर्षं मी स्वतःची वकिली करत राहिलो. ती तरी नागपूरची कशावरून? मुलगी कशावरून? पाटल्या होत्या कशावरून? सगळेच खोटं बोलत असतील तर कुणीच फसवला जात नाही, असा तो युक्तिवाद. तो कुठे मोडतो ते मला ‘मिस’ मासिकातला १९८५चा एक लेख वाचल्यावर कळलं. लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी त्यात कॉम्प्युसर्व्हवरच्या जोनची गोष्ट सांगितली आहे. अपघातात चेहरा आणि वाचा गेलेली, तरी जिद्दीने जगणारी ही बाई तिथे अनेक स्त्रियांची जिवलग झाली होती. अपंग स्त्रियांना तिचा मोठा आधार वाटायचा. प्रत्यक्षात जोन म्हणजे न्यूयॉर्कमधला एक धडधाकट, पन्नाशीचा मानसोपचारतज्ज्ञ होता. हे उघड झाल्यावर काही जणी संतापल्या, आणि काहींना चक्क जोन वारल्याचं दुःख झालं.

त्या लेखात मी खूप दिवस अडकलो, कारण जोनने दिलेला धीर खरा होता. ज्यांना तो मिळाला त्यांच्या आयुष्यात तो कामाला आला. मग फसवणूक नेमकी कशात होती? मला वाटतं, नावात नव्हती. त्या बायका आपल्या अपंगत्वाबद्दल बोलत होत्या ते जोनने तेच भोगलंय या भरवशावर. त्या सोंगाबाहेर आल्या होत्या आणि समोरचा सोंगातच बसून राहिला. रातराणीनेही तेच केलं होतं. ‘खरं सांग हं’ या तीन शब्दांनी तिने खेळ थांबवला होता. ती नागपूरची असो वा नसो, तो प्रश्न सोंगातला नव्हता, आणि ते मला त्या क्षणी कळलं होतं. कळलं नसतं तर मी नवी आयडी काढली नसती.

त्या खोल्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. जाहिराती ओकणारे बॉट शिरले. माणसं कमी आणि लिंका जास्त झाल्या. लहान मुलांना जाळ्यात ओढणारेही तिथे होते, ही अफवा नव्हती. ऑक्टोबर २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएनच्या चॅटरूम बहुतेक देशांत बंद केल्या, २००५मध्ये याहूने लोकांनी स्वतः उघडलेल्या खोल्या बंद केल्या, आणि १४ डिसेंबर २०१२ला उरलेल्याही. दरम्यान आम्ही सगळे २००४मध्ये आलेल्या ऑर्कुटवर निघून गेलो होतो, जिथे फोटो लावायचा असायचा, आणि पहिल्याच दिवशी आडनाव लिहायचं असायचं. मग फेसबुक, मग व्हॉट्सअॅप, जिथे मुळात फोन नंबर असलेलाच माणूस भेटतो. मिरजेतली गल्ली पुन्हा आली, आता खिशात.

तुमच्यातले कितीतरी जण दुसरं, गुपचूप अकाउंट ठेवतात हे मला माझ्या भाचीमुळे कळलं. का ठेवतेस, विचारलं तर म्हणाली, ‘मामा, खरं बोलायला.’ मी त्यावर काही बोललो नाही. तिचं म्हणणं मला अगदी पटतं. माझ्या आडनावापलीकडचा मी पहिल्यांदा त्या खोलीतच बोललो होतो, आणि आयुष्यातलं सगळ्यात महागडं खोटंही तिथेच.

२०१२च्या त्या बातमीनंतर मी जुनी वही शोधून काढली. तिच्या मागच्या पानावर मी रातराणीला पाठवायचा मजकूर लिहून ठेवला होता, कधीतरी कॅफेत जाऊन टाइप करू म्हणून. रोमन लिपीत, कारण तिच्याशी तसंच बोलायचो. पहिली ओळ होती, ‘मी इंजिनिअर नाही, बारावी नापास आहे.’ पुढे पानभर माझं घर, माझे बाबा, माझं आडनाव, मला काय काय सहन करावं लागलं. पाटल्यांचा उल्लेख कुठेच नाही.

ते पान मी फाडून टाकलं नाही. तिची आयडी त्यावर आहे, आणि ती दुसरीकडे कुठेही उरलेली नाही.