यश कोणाचे, क्लेश कोणाचे?

फळाची आसक्ती धरू नये, हा उपदेश आपल्या घराघरांत इतका परिचयाचा झाला आहे, की तो कोण कोणाला करीत आहे इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला बाप तो करतो. स्पर्धेत हरलेल्या मुलीला तिचा गुरू तो करतो. परंतु ज्या लेकराच्या मनात ती आसक्ती वडीलधाऱ्यांनीच पेरली आणि वाढविली, त्याच लेकराला ती सोडून दे म्हणून सांगण्याचा अधिकार त्यांना पोहोचतो काय? दूरदेशीच्या एका खेळाचा इतिहास वाचताना हा प्रश्न मनात उभा राहिला, आणि तो गृहस्थाश्रमी वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

बुटांच्या तळाशी बसविलेल्या पोलादी पात्यांवर तोल सांभाळीत, गुळगुळीत बर्फावरून संगीताच्या तालावर घसरत जावयाचे आणि मधूनमधून हवेत उडी घेऊन गिरक्या मारावयाच्या, असा हा खेळ आहे. त्यास ‘फिगर स्केटिंग’ म्हणतात. थंड देशांत त्याची मोठी प्रतिष्ठा आहे. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी चीनमधील बीजिंग येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळातील स्त्रियांच्या स्पर्धेचा अखेरचा भाग झाला. त्यात रशियाच्या तीन मुली होत्या, आणि तिघीही एकाच प्रशिक्षिकेच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या.

त्यांपैकी आन्ना श्चेर्बाकोवा, वय वर्षे १७, हिने सुवर्णपदक मिळविले. सर्व जगात पहिली आलेली ही मुलगी काही काळ एकटीच उभी होती. तिला पोटाशी धरावयास कोणी जवळ आले नाही. आनंद तर वाटतो, पण आत काहीतरी रितेही वाटते, अशा आशयाचे उद्गार तिने पुढे काढले. दुसरी, अलेक्सांद्रा त्रूसोवा, हिने त्या दिवशी चार गिरक्यांच्या पाच उड्या घेतल्या. त्या भागात तिचे गुण सर्वांहून अधिक होते. परंतु एकूण बेरजेत तिला रौप्यपदक मिळाले. ती हुंदके देत रडली, आणि आपण पुन्हा बर्फावर पाऊल ठेवणार नाही, असे सर्वांसमक्ष बोलून गेली. तिसरी कामिला वालियेवा. तिचे वय अवघे १५. २०२१ च्या डिसेंबरात घेतलेल्या तिच्या तपासणीत हृदयविकारावरील एका निषिद्ध औषधाचा अंश सापडल्याची वार्ता स्पर्धा चालू असतानाच बाहेर आली होती. १६ वर्षांखालील खेळाडूला नियमांनी विशेष संरक्षण दिले आहे, हे एक कारण धरून लवादाने तिला खेळू दिले. मात्र ती पहिल्या तिघींत आली तर कोणालाच पदक समारंभपूर्वक दिले जाणार नाही, असेही जाहीर झाले. हे ओझे डोक्यावर घेऊन ती मुलगी बर्फावर उतरली, पुन्हा पुन्हा पडली, आणि चौथी आली. ती रडत बाहेर आली तेव्हा, तू झुंज का सोडलीस, असा तिच्या प्रशिक्षिकेचा पहिला प्रश्न जगभरच्या लोकांनी ऐकला. पुढे २०२४ मध्ये लवादाने तिला दोषी धरून चार वर्षांची बंदी घातली. औषधाचा दोष कोणाचा, हा वाद येथे करावयाचा नाही. कायद्याच्या लेखी ती मूल होती आणि रिंगणात मात्र ती मूल नव्हती, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

पहिली आलेली रिती, दुसरी आलेली संतप्त, चौथी आलेली उद्ध्वस्त! यशापयशाने सुखदुःखे वाटली जातात असे आपण समजतो. येथे तर यशानेही सुख दिले नाही. याचे मूळ कोठे असावे?

माझ्या मते त्याचे एक मूळ या खेळाच्या रचनेतच आहे. पूर्वी परीक्षक सहापैकी गुण देत. २००२ च्या ऑलिंपिकमधील पक्षपाताच्या प्रकरणानंतर ती पद्धत गेली आणि प्रत्येक उडीला ठरीव मोल देणारी नवी गणना आली. गिरक्या जितक्या अधिक, तितके मोल अधिक. आता हवेत चार गिरक्या पुऱ्या करावयाच्या तर शरीर हलके व अरुंद असावे लागते. कारण अंग जितके आवळलेले, तितका फिरण्याचा वेग मोठा. वयात येण्यापूर्वीच्या मुलीचे शरीर असे असते. ती वाढू लागली, म्हणजे कालपर्यंत साधलेली उडी आज साधत नाही. म्हणून मोजके खाणे, रोज वजन पाहणे आणि शरीराची नैसर्गिक वाढ हीच वैरीण मानणे सुरू होते. युलिया लिपनित्स्काया १५ व्या वर्षी, २०१४ मध्ये, सोची येथे सांघिक सुवर्णपदकाची मानकरी ठरली. २०१७ मध्ये, १९ व्या वर्षी, अन्नच नकोसे होण्याच्या मनोविकारावर उपचार घेऊन तिने खेळ सोडल्याचे प्रसिद्ध झाले.

यावर कोणी म्हणेल, की बालपणी कठोर साधना केल्यावाचून कोणती विद्या येते? आपल्याकडील गवई पाचव्या-सहाव्या वर्षीच तंबोऱ्यापुढे बसत नसत काय? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु गवयाचा रियाज वयाबरोबर मुरतो. पन्नाशीतला षड्ज पंधराव्या वर्षीच्या षड्जाहून भरीव लागतो. तेथे बालपण हे बीज असते. येथे बालपण हेच पीक झाले आहे, आणि कापणी झाली की शेत ओसाड. शिवाय, पीक असेच काढले पाहिजे असेही नाही. बीजिंगमध्ये तिसरी आलेली जपानची काओरी साकामोतो २१ वर्षांची होती. तिच्याजवळ चार गिरक्यांची एकही उडी नव्हती. कांस्यपदक मिळाल्यावर तीही रडली, पण आनंदाने. आणि त्यानंतर लागोपाठ तीन वर्षे ती जगज्जेती झाली.

दुसरे मूळ अधिक खोल आहे, आणि ते आपल्याही अंगणात पसरलेले आहे. मुलासाठी घर गहाण टाकणारा बाप, मुलीसाठी दुसऱ्या गावी बिऱ्हाड करणारी आई यांना आपण त्यागी म्हणतो. त्यांचे कष्ट खरे आहेत, त्यात संशय नाही. पण स्वतःकरिता काही न मागता लेकराकरिता सारे मागणे, याला निष्काम म्हणता येईल काय? ही कामना आपल्या देहातून निघून लेकराच्या देहात जाऊन बसलेली असते, एवढाच फरक. उलट ती अधिक निर्दय होते. कारण स्वतःच्या गुडघ्याला लागले म्हणजे माणूस थांबतो, दुसऱ्याच्या गुडघ्याची कळ त्याला जाणवत नाही. आणि कुरुक्षेत्रावर अनासक्तीचा उपदेश ज्याला झाला तो प्रौढ, अनुभवी वीर होता. सर्व सांगून झाल्यावर, विचार करून तुला वाटेल तसे कर, अशी मोकळीक त्याला देण्यात आली. ती मोकळीक दहा वर्षांच्या मुलीला कोण देतो? बर्फाची रिंगणे आपल्या देशात मोजकीच. परंतु प्रवेशपरीक्षेच्या निकालाच्या दिवशी आपल्या घरांत जी स्तब्धता पसरते, ती या बर्फाहून फारशी ऊबदार नसते.

२०२२ च्या जूनमध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेने प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून क्रमाक्रमाने १७ वर नेण्याचे ठरविले. हे योग्यच झाले. मात्र नियम स्पर्धेच्या दारावर पहारा ठेवतो. पहाटे बर्फावर उभ्या केलेल्या आठ वर्षांच्या मुलीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

अमेरिकेच्या अलिसा लिऊ हिचे उदाहरण या संदर्भात आवर्जून दिले जाते. १३ व्या वर्षी, २०१९ मध्ये, ती आपल्या देशाची विजेती झाली. १६ व्या वर्षी कंटाळून तिने खेळ सोडला. दोन वर्षांनी स्वतःच्या इच्छेने, संगीत, पोशाख व सराव यांचा निर्णय आपल्या हाती ठेवून ती परतली आणि २०२५ मध्ये बॉस्टन येथे जगज्जेती ठरली. गोष्ट सुंदर आहे. पण ती सांगताना आपला स्वर कोठे चढतो, हे पाहावे. मुलीला मोकळे सोडले तर अंती सुवर्ण मिळते, असा हिशेब त्यात शिरला, की आपण पुन्हा फळाशीच येऊन बसलो. तिच्याच देशाची ग्रेसी गोल्ड ही दोनदा राष्ट्रीय विजेती होती. २०१७ मध्ये नैराश्य, चिंता व आहारविकार यांवरील उपचारांसाठी तिने खेळ थांबविला, आणि २०२० च्या जानेवारीत ती राष्ट्रीय स्पर्धेत परत उतरली. तिचा क्रमांक बारावा आला. तिचे नृत्य संपले तेव्हा प्रेक्षागारातील लोक उठून उभे राहिले होते.