न मागता घेतलेले दान

माउली, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक-२ या यानातून लायका नावाची कुत्री अंतराळात पाठवली. मॉस्कोच्या रस्त्यावरचे ते बेवारस जनावर. तिला परत आणण्याची सोयच यानात नव्हती आणि पाठवणाऱ्यांना ते ठाऊक होते. उड्डाणापूर्वी डॉ. याझदोव्हस्की यांनी तिला घरी नेऊन आपल्या मुलांबरोबर खेळू दिले. यानात उष्णता वाढली आणि काही तासांतच तिचा प्राण गेला.

लोक याला लायकाचे बलिदान म्हणतात. पण विचार करा, दान हे देणाऱ्याचे असते. तिला कोणी विचारले होते? हिसकावून घेतलेल्याला त्याग म्हटले, की घेणाऱ्याच्या डोक्यावरचे ऋण दिसेनासे होते.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, कारण त्यांना त्याच्यात विठ्ठल दिसला. पालखीचा रथ ओढणाऱ्या बैलांना आपण मान मिळाला म्हणतो. तो मान बैलांनी मागितलेला नसतो. म्हणून मुक्कामी पोहोचताच आधी त्यांचे जू उतरवा, त्यांना पाणी पाजा, मग टाळ हाती घ्या. ऋण मान्य केले, तरच ते फेडता येते.

राम कृष्ण हरि.