खिडकी आणि नाडी

मराठीत आपण खिडकी उघडतो आणि नाडी सोडतो. उर्दूत दोन्हींना एकच क्रियापद पुरते: खोलना. सआदत हसन मंटोंची ‘खोल दो’ (१९४८) ह्या एका क्रियापदावर उभी आहे. फाळणीत हरवलेली सकीना शेवटी निपचित अवस्थेत डॉक्टरसमोर येते. खोलीत उजेड होतो. डॉक्टर तिच्या बापाला खिडकी उघडायला सांगतो. ते शब्द मुलीचे हात ऐकतात आणि सलवारीची नाडी सोडतात.

मराठीत ‘उघड’ म्हटले तर हातांच्या हालचालीचा अर्थ लागत नाही. ‘सोड’ म्हटले तर खिडकी राहत नाही. मी मूळ शब्द ठेवते. हिंदी सिनेमांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तो परका नाही. तळटीप द्या, असा सल्ला मिळतो. क्रियापदाविषयी तळटीप एक वेळ चालेल. पण सकीनाचे काय झाले हे मी सांगावे? मंटोंनी अत्याचाराचे एकही वाक्य लिहिलेले नाही. तिला शोधायला निघालेले आठ तरुण स्वयंसेवक, आपल्याच बाजूचे, तिला दूध पाजतात. एक जण स्वतःचा कोट देतो. प्रसंग तिथे तुटतो. पुढचे सारे ऐकणाऱ्या दोघांत उमटते. हात हललेले पाहून बाप आनंदाने ओरडतो, कारण मुलगी जिवंत आहे. डॉक्टरला दरदरून घाम फुटतो.

ज्यांनी सोसले त्यांना असा संयम पाळण्याची सक्ती नाही. सासरी नाक कापल्या गेलेल्या सुनांविषयी बेबी कांबळेंनी ‘जिणं आमुचं’मध्ये आडपडदा न ठेवता लिहिले, त्या माणसांतच त्या वाढल्या होत्या. कथाकार बहुधा बाहेरचा असतो. त्याने जखमेचे बारकावे रंगवले की वाचक हळहळतो, आणि त्या हळहळीत थोडे बघ्याचे सुखही मिसळलेले असते. पण गप्प बसणे म्हणजेच संवेदनशीलता, असेही मला वाटत नाही.

राजिंदर सिंह बेदींच्या ‘लाजवंती’तला सुंदरलाल हा तर गप्प करणारा सज्जन. पळवून नेलेल्या बायकांना मनात जागा द्या, असा प्रचार करत तो फिरतो. त्याची स्वतःची बायको लाजो परत येते ती आधीपेक्षा धडधाकट दिसत, आणि तो बिचकतो. मला वाटते, वाचकही बिचकतो. सोसून आलेली बाई खंगलेलीच हवी, हा हट्ट आपलाही असतो. तो माणूस कोण होता, मारायचा का, एवढे सुंदरलाल विचारतो. मारत नव्हता, लाजो सांगते, पण भीती त्याचीच जास्त वाटायची. तुम्ही मारायचात, तरी तुमची वाटत नव्हती. एवढ्या आडव्या उत्तरात तिचे सगळे आयुष्य आहे. भाषांतरात ते ‘सुबोध’ करण्याचा मोह आवरावा लागतो.

तिला आणखी बोलायचे असते. सुंदरलाल झाले गेले विसरायला सांगतो, तिला देवी म्हणतो. तिला मात्र पुन्हा जुनी लाजो व्हायचे असते, भांडणारी. तिने काय सांगितले असते, हे बेदीही लिहीत नाहीत. पण तिचे तोंड कुणी आणि किती प्रेमाने बंद केले, ते मात्र लिहितात.