शाळेची आणेवारी

नातू यंदा सातवी पास झाला. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. पुढं हायस्कूल बघायचं. पोरगा म्हणाला, "नाना, फाट्यावरच्या हायस्कुलात घालू. सलग चार वर्षं शंभर टक्के निकाल. फ्लेक्स लागलाय बघा." सूनबाईलाही ते पटलं. मी गप्प बसलो. शंभर टक्के म्हटलं की मला एक पोरगं आठवतं.

वीस वर्षं झाली असतील. माझी धाकटी लेक नववीत होती. तिच्याच वर्गात शेजारच्या वस्तीवरचं हे पोरगं. इंग्रजी, गणितात कच्चं. बाकी फार गुणाचं होतं असंही नाही. मधल्या सुट्टीत पळून यायचं, खोड्या काढायचं. मी तेव्हा शाळेच्या पालक समितीवर होतो. वर्षाअखेरीला हेडमास्तरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "पाच मुलं दहावीला निकाल खाली ओढणार. त्यांना आत्ताच दाखले देतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतील." बाहेरून बसलेला नापास झाला तरी शाळेच्या निकालात धरला जात नाही. एक पालक म्हणाले, "बरोबर आहे. चार जणांपायी सगळ्यांच्या पोरांचं नुकसान नको." मी मान हलवली. माझी लेक हुशार होती ना!

दोन दिवसांनी त्या पोराची आई आमच्या अंगणात आली. "भावजी, तुमी हायसा तिथं. मास्तरांना येक शबुद टाका की."

मी म्हणालो, "वहिनी, नियमच हाय तसा."

असा काही नियम नव्हता. ते मला ठाऊक होतं.

पोरानं दाखला आणला, तो ट्रंकेत पडला. सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो, तो कधी भरायचा, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि मीही सांगायला गेलो नाही. पुढच्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले. मीही खाल्ला.

आम्ही शेतकरी आणेवारीवरून किती भांडतो! सरकार तिला पैसेवारी म्हणतं. गावातले काही तुकडे निवडायचे, पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून साऱ्या गावाचं पीक ठरवायचं. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती मिळायची आशा. आता साहेबांनी विहिरीजवळचा भिजलेला तुकडाच धरला, तर माळावरची वाळलेली ज्वारी कुणाच्या हिशेबात येणार? तेव्हा आम्ही तहसीलवर मोर्चा नेतो. म्हणतो, खडकाळ रान पण मोजा. आणि शाळेच्या बाबतीत? तिथं खडकाळ रान आम्हीच नकाशातून खोडून टाकलं आणि उरलेल्या पिकावर पेढे वाटले.

एकट्या हेडमास्तरांना दोष देऊन चालणार नाही. निकाल घसरला की आपण पालकच दाखले काढून दुसरीकडं पळतो. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांची बदलीची वेळ येते. त्यांनाही घरदार आहे. निकाल आम्ही मागत होतो. तो कसा येतो, हे मात्र विचारत नव्हतो. हुशार पोर कुठंही निभावतं. शाळेची खरी परीक्षा कच्च्या पोरात असते, हे मला फार उशिरा कळलं.

परवा मी एकटाच त्या फाट्यावरच्या हायस्कुलात गेलो. क्लार्कला विचारलं, "चालू दहावीची बॅच आठवीत आली तेव्हा पोरं किती होती आणि परीक्षेला बसली किती?" तो म्हणाला, "बाबा, हे आजपर्यंत कुणी विचारलं नाही." पण मुलगा भला होता. त्यानं जनरल रजिस्टर काढून मोजलं. आठवीत बासष्ट, परीक्षेला एक्कावन्न. अकरा कुठं गेली? दोघांचे आईबाप ऊसतोडीला गेले, एकीचं लग्न झालं, तिघं दुसऱ्या शाळेत. बाकी पाच जणांपुढं नुसतं लिहिलं होतं, "पालकांच्या विनंतीवरून दाखला."

ती विनंती कशी होते, हे मला ठाऊक आहे.

नातवाला तिथंच घातलंय. दुसरं हायस्कूल लांब आहे, एसटीचा भरवसा नाही. पण पोराला बजावलं, "पालकसभेला मी येणार. त्या पाच जणांचं काय झालं ते विचारणार." पोरगा म्हणाला, "नाना, आपल्या नातवाचं बघा की. वाकडं कशाला घ्यायचं?"

त्याचं चुकत नाही. वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. शेजारच्या वस्तीवरचं ते पोरगं आता ट्रॅक्टरवर रोजानं जातं. बांधावर भेटलं की "राम राम नाना" म्हणतं. मी "राम राम" म्हणतो, पण त्याच्याकडं बघून म्हणणं मला अजून जमत नाही.