तंबूच्या फटीतून

1708 साली शिकारीच्या मोहिमेवर असताना छिंग सम्राट कांग्शीने आपल्या युवराजाला, यिनरंगला, दरबाऱ्यांसमोर गुडघ्यांवर बसवले आणि पदावरून काढले. आरोप बरेच होते. उधळेपणा, सरदारांना मारहाण, आजारी धाकट्या भावाबद्दल बेफिकिरी. पण बापाला सर्वांत झोंबली होती ती वेगळीच गोष्ट: हा रात्री माझ्या तंबूपाशी येतो आणि फटीतून आत डोकावतो. बोलता बोलता सम्राट रडला आणि जमिनीवर कोसळला.

यिनरंग वाईट होता का, या प्रश्नावर बरीच शाई खर्ची पडली आहे. मला तो प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. छिंग घराणे मंचूंचे, आणि मंचूंमध्ये जन्मतःच वारस ठरवायची रीत नव्हती. 1674 मध्ये यिनरंग जन्मला त्याच दिवशी त्याची आई, सम्राज्ञी, बाळंतपणात वारली. दक्षिणेत सेनापती वू सानग्वेचे बंड पेटलेले होते. राजघराणे टिकणारे आहे हे बहुसंख्य हान प्रजेला दिसावे म्हणून कांग्शीने हान परंपरा उचलली आणि दीड-पावणेदोन वर्षांच्या पोराला युवराज केले. पोरावर जीवही होता. मंगोल सरदार गाल्दानवरच्या स्वारीत असताना आठवण आली की अंगात घालायला म्हणून त्याने युवराजाचे वापरलेले कपडे मागवून घेतले होते.

हाच बाप 1690 मध्ये आजारी पडला, तेव्हा भेटीला आलेल्या सोळा वर्षांच्या यिनरंगच्या चेहऱ्यावर दुःख दिसले नाही म्हणून त्याला तडक परत पाठवले गेले. लांब राहिला तर निष्ठुर, जवळ आला तर दबा धरून बसलेला. वडिलांच्या मृत्यूनंतरच ज्याचे काम सुरू होणार, त्याने वडिलांच्या तब्येतीची चौकशी नेमकी कोणत्या चेहऱ्याने करायची? काही न करता थांबून राहणे, एवढेच त्या पदाचे खरे काम. आणि थांबून राहिलेला माणूस कशाची वाट पाहतो आहे, हे दरबारात सर्वांना ठाऊक असते. साहजिकच उद्याच्या सूर्याकडे तोंड करणारे गोळा होतात. युवराजाच्या आजोळचा सोंगोतू त्यांतलाच. 1703 मध्ये तो पकडला गेला आणि कैदेतच मेला.

हा छिंगांपुरता शाप नव्हता. हान घराण्यातील सम्राट वूचा युवराज ल्यू ज्यू तीस वर्षे वारस होता. इ.स.पू. 91 मध्ये चेटकाचा आळ आला, त्याने घाबरून शस्त्र उचलले आणि संपला.

यिनरंगला 1709 मध्ये पद परत मिळाले, 1712 मध्ये पुन्हा गेले. 1725 च्या सुरुवातीला तो नजरकैदेत वारला. तोवर गादीवर आलेल्या त्याच्या भावाने, योंगजंगने, वेगळीच तोड काढली होती. वारसाचे नाव लिहून पेटीत बंद करायचे, ती पेटी छ्यानछिंग महालात सिंहासनावरच्या पाटीमागे ठेवायची, सम्राटाच्या मृत्यूपर्यंत कोणी उघडायची नाही. म्हणजे पद ठेवायचे, माणूस लपवायचा. यात मुत्सद्देगिरी आहे आणि एक कबुलीही: बिघाड मुलात नव्हता, घोषणेत होता. आता प्रत्येक राजपुत्र अर्धा युवराज झाला, हे मात्र मान्य करावे लागेल.

योंगजंगचा मुलगा छ्येनलोंग याने 1773 मध्ये आपल्या एका मुलाचे नाव असेच लिहून ठेवले आणि 1795 मध्ये, स्वतः हयात असतानाच, ते जाहीर केले. बावीस वर्षे वारस असलेला तो राजपुत्र तेव्हा चौतीस वर्षांचा होता. यिनरंगला गुडघ्यांवर बसवले तेव्हा त्याचे वयही तेवढेच होते.