लटके आणि खोटे

दुपारच्या उन्हात एका झऱ्याच्या कठड्यावर वाकून माझ्या नातीने मला एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आजी, जे खोटं आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्याला खोटं म्हणायचं का गं?"

प्रश्न विचारणारीचे वय दहा. जागा अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यातली. डिस्नेच्या अवाढव्य पसाऱ्याच्या एका कडेला वसवलेली 'डिस्ने स्प्रिंग्ज' नावाची पेठ. 2023 साली वाईची दिवाळी आटोपून मी मुलाकडे ऑर्लँडोला गेले होते, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी मुलगा, सून, नात आणि मी असे चौघे तिथे दुपार घालवायला गेलो. मोठ्या उद्यानांची महागडी तिकिटे काढून दिवसभर रांगांत उभे राहणे माझ्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. या पेठेत शिरायला पैसे पडत नाहीत, गाडी उभी करायलाही पडत नाहीत. "फुकट आहे, आई," असे मुलगा कौतुकाने म्हणाला तेव्हा मला मनातून हसू आले. मंडईत शिरायला तरी कोण पैसे घेतो! चाट बसते ती आत गेल्यावर.

पण जागा देखणी आहे हे कबूल केले पाहिजे. मधोमध पाणी, त्यावर पूल, काठाने दुकाने आणि खानावळी. पाण्यातून ठोकळ्यांच्या खेळण्यांचा बनवलेला एक प्रचंड जलसर्प मान वर काढून बसला आहे. 1960 च्या दशकात जर्मनीत बनलेल्या, जमिनीवर आणि पाण्यावरही चालणाऱ्या मोटारी आहेत. त्यांतली एक उतारावरून सरळ तळ्यात शिरली तेव्हा मी सुनेचा हात घट्ट धरला. नाताळला महिना असूनही झाडे सजून उभी होती. आणि सगळ्यांत मौजेची गोष्ट म्हणजे चांगली साठीची माणसे डोक्याला उंदराचे गोल काळे कान लावून निःशंकपणे हिंडत होती. कुणी कुणाला हसत नव्हते. आमच्याकडे एवढ्या वयाच्या माणसाने असे काही केले असते तर त्याच्या मुलांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. मला ती माणसे आवडली.

मुलगा मला एकेक इमारत दाखवीत होता. "हे बघ, हे जुनं वीजघर." पाहिले तर खरोखरच 1920 च्या सुमाराचे वाटावे असे धुरकट वीजघर, आत उपाहारगृह. ते सुरू झाले 2018 साली. शेजारी दुसरे एक उपाहारगृह, तो म्हणे 1930 च्या काळचा विमानतळ. त्याचेही वय तेवढेच. विटा जुनाट दिसाव्यात, लोखंड गंजलेले वाटावे यासाठी कारागिरांनी किती मेहनत घेतली असेल! सबंध पेठेचीच एक रचलेली कथा आहे: एकोणिसाव्या शतकात एका पशुपालकाला इथे झरा सापडला, त्याच्याभोवती वस्ती झाली, वस्तीचे गाव झाले. वास्तविक ही पेठ उघडली 1975 च्या मार्च महिन्यात. तेव्हा तिचे नाव वेगळे होते, मग ते कितीदा तरी बदलले, 1997 साली 'डाउनटाउन डिस्ने' झाले आणि आजचे नाव पडले 2015 साली. म्हणजे पेठेला स्वतःचा पन्नास वर्षांचा खरा भूतकाळ आहेच. पण खऱ्या भूतकाळात दुकाने निघतात, बंद पडतात, पाट्या बदलतात. त्यापेक्षा झरा आणि गुरे हा भूतकाळ अधिक सोज्ज्वळ वाटला असावा. हे फक्त डिस्नेवाल्यांनाच सुचते असे नाही. आमच्या कित्येक घराण्यांच्या वंशावळी मी वाचल्या आहेत.

हे सारे पाहून झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. पिझ्झा येईपर्यंत मुलाने कागदी रुमाल पुढे ओढला आणि त्यावर आमच्या वाईच्या घराचा नकाशा काढू लागला. माडीवर नवी न्हाणी, परसात नातीसाठी खोली, पुढच्या ओटीला जाळी. "आणखी दोन वर्षं, आई," तो म्हणाला, "मग कायमचं वाईला." मी म्हटले, "या बाबांनो, घर तुमचंच आहे." सून पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिली. चौदा वर्षांपूर्वी तो हेच म्हणाला होता, दोन वर्षे तेव्हाही दोनच होती, आणि न्हाणी तेव्हाही माडीवरच होती. नात मात्र एकदा बापाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती.

त्यानंतर आम्ही झऱ्यापाशी आलो. निळसर हिरवे, तळ दिसेल असे नितळ पाणी. फ्लॉरिडात असे खरे झरे शेकडो आहेत. तिथली जमीन चुनखडीच्या खडकाची. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, पोकळ्यांत साठते, आणि जिथे वाट मिळेल तिथे उसळून वर येते. उन्हाळा असो, हिवाळा असो, ते साधारण 22 अंशांचेच असते. सिल्व्हर स्प्रिंग्ज येथे तर एकोणिसाव्या शतकापासून काचेच्या तळाच्या होड्यांतून लोक ते पाणी पाहत आले आहेत. असा एक खरा झरा ऑर्लँडोपासून मोटारीने तासाभराच्या आत आहे. आमच्या पुढ्यातला मात्र माणसांनी केलेला. "हा पंपाचा," असे मुलाने सांगितले, तेव्हा नातीने तो प्रश्न विचारला. तिच्या मनात झरा होता की कागदी रुमाल, हे मी तिला विचारले नाही.

मी तिला म्हटले, "आपल्या मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. एक खोटं आणि एक लटकं." लटका राग म्हणतो आपण, लटकी रुसवाफुगवी म्हणतो. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात करतो आणि तो गरम आहे म्हणून फुंकर घालून खातो. त्यात कुणी कुणाला फसवीत नाही. तिचा बाप लहानपणी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करी. हळिवाचे जंगल, चुन्याची पायवाट, वर सिंहासनावर महाराज; आणि तटाखाली दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या नळीचे कारंजे! ते उडू लागले की आळीतली पोरे हारखून जात. नळीचे दुसरे टोक खिडकीत टांगलेल्या डब्यात आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

मग मला जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळाची आठवण झाली. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी तिथे दगडी गायीच्या मुखातून पडते. सावित्री कोकणात उतरते, कृष्णा आमच्या घाटावरून पूर्वेला जाते. एका तोंडातून अशा नद्या निघत नाहीत. आमच्या घरात हे सांगणारा माणूस होता, कारण माझे यजमान भूगोल शिकवीत. वर्गात ते पाणलोट आणि उगम समजावून देत, आणि वर्षातून एकदा त्या गोमुखाखाली ओंजळ धरून डोळे मिटत. मी एकदा त्यांना टोकले तेव्हा म्हणाले, "गाय दगडाची आहे, पाणी तर पाणीच आहे ना!" एवढे मात्र मला दिसते की तिथे पाणी आधी आले आणि गोष्ट मागून, फ्लॉरिडाच्या त्या पेठेत आधी गोष्ट ठरली आणि मग पाणी सोडले.

शास्त्राकडे गेले तर उत्तर सोपे होत नाही. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 साली असे ठासून लिहिले की तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा खून करायला आलेला माणूस दाराशी विचारीत असला तरी त्याच्याशीही खोटे बोलता येणार नाही. महाभारतातल्या कर्णपर्वात कौशिक नावाचा तपस्वी आहे; त्याने नेमके हेच केले. रानात लपलेल्या माणसांची वाट लुटारूंना खरी खरी सांगितली, माणसे मेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला. उलट धर्मराजाने एकदाच सत्य आडवे करून सांगितले आणि चार बोटे अधांतरी चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. आमच्या ग्रंथांनी दोन्ही गोष्टी सांगून ठेवल्या आणि निकाल आपल्यावर सोडला. मला स्वतःला कांटची दारावरची शिस्त कधी पटलेली नाही. पण घराच्या आत, जिथे दाराशी कुणी मारेकरी उभा नसतो, तिथे त्याचे म्हणणे उडवून लावणे जड जाते.

नातीला मी शेवटी असे काहीसे सांगितले. भातुकलीत कुणालाही केव्हाही "खरंच का?" असे विचारता येते. विचारले की खरे उत्तर मिळते आणि खेळ मोडला तरी कुणाचे काही बुडत नाही. लटक्याचा हा करार असतो. ज्याला तो प्रश्न विचारता येत नाही, किंवा विचारण्याची भीती वाटते, तिथे लटके संपले. डिस्नेचाच दाखला घे. झरा पंपाचा आहे हे तुझ्या बाबाने पटकन सांगितले, तुझी मजा काही कमी झाली नाही. पण 1964-65 मध्ये याच मुलखातली सुमारे 27 हजार एकर जमीन डिस्नेने निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून, स्वतःचे नाव झाकून घेतली. ऑक्टोबर 1965 मध्ये वर्तमानपत्रांनी ते नाव फोडले आणि भाव चढले. त्याआधी विकणाऱ्यांना घेणारा कोण हेच कळले नव्हते. व्यवहार कायद्याने बरोबर असेल. व्यापारात असे चालते म्हणतात. तरी ते वीजघर आणि ती खरेदी यांना मी एका शब्दाने हाक मारणार नाही.

नातीला हे पटले असावे, कारण ती आईबरोबर आइस्क्रीम आणायला गेली. मी मात्र बाकावर बसून राहिले, कारण मी सांगितलेली कसोटी मलाच लागू करून पाहिली होती.

2018 च्या पावसाळ्यात यजमान अंथरुणावर होते. मुलाचे कागद तिकडे अडकलेले. देश सोडला तर परत पाय ठेवता येईल याची खात्री नव्हती. मीच त्याला फोनवर "येऊ नकोस" म्हणून सांगितले. इकडे हे रोज विचारीत, "निघाला का?" एका संध्याकाळी मी म्हटले, "निघाला. विमानात बसला." त्यांनी विचारले, "खिडकी मिळाली का?" मी हो म्हटले. मग डोळे मिटून म्हणाले, "म्हणजे ग्रीनलंडचा बर्फ दिसेल त्याला." पहाटे ते गेले.

त्यांनी माझे बोलणे खरे मानले, की मला बरे वाटावे म्हणून खेळात सामील झाले, हे मला कळलेले नाही. दुसरे असेल तर ती आमची शेवटची भातुकली. पहिले असेल तर चाळीस वर्षे माझ्यावर विसंबलेल्या माणसाला मी शेवटच्या रात्री फसवले. शब्द तेच, आवाज तोच. फरक होता तो त्यांच्या मनात, आणि तिथे आता कुणाला जाता येत नाही. मुलाला यातले काही ठाऊक नव्हते.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. कागदी रुमालाची घडी त्याच्या खिशातून डोकावत होती. मी म्हटले, "दोन वर्षांत येणार म्हणालास, ते खरं का?"

चौदा वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने पाण्याकडे पाहिले. एक मोटार पुन्हा उतारावरून तळ्यात शिरत होती, बसलेली माणसे ओरडत होती. "नाही, आई," तो म्हणाला. "मला नाही वाटत तसं."

मला वाटले होते त्यापेक्षा ते कमी लागले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "यंदा घर कोणी शाकारलं?" इतक्या वर्षांत नवी न्हाणी शंभरदा बोलून झाली होती, पण कौलांची चौकशी त्याने प्रथमच केली. मी त्याला सांगत बसले: मधल्या खोलीत गळते, एक वासा बदलावा लागला, शाकारणारी माणसे आता वेळेवर मिळत नाहीत, आणि मला एकटीला ते घर पुढे कितपत रेटेल याचा विचार करायला हवा. नात आइस्क्रीम संपवून आली तरी आमचे बोलणे चाललेच होते. तिने एकदा दोघांकडे पाहिले आणि मुकाट्याने माझ्या मांडीला टेकून बसली.

परतीच्या वाटेवर गाडीत ती झोपली. सुनेचाही डोळा लागला होता. तेव्हा मी मुलाला ग्रीनलंडची गोष्ट सांगितली, अगदी खिडकीसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तिकडे येताना मी दरवेळी बघतो, आई. रात्र असते. काही दिसत नाही."